कानाने मोजलेला पिकअप

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली गाडी चालवणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, अ‍ॅव्हरेज किती देते? हा मोकळेपणाने, मोठ्या आवाजात. आणि दुसरा जरा बेताने, समोरच्याला वाईट वाटू नये अशा बेताने, की बाकी पिकअप कसाय हो हिला? विचारणाऱ्याने उत्तर मनात आधीच ठरवलेलं असतं. पेट्रोल वाचवणारी गाडी पळणार नाही हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय की तुम्ही काहीही सांगितलंत तरी तो मान हलवतो आणि विषय बदलतो.

मी आता उत्तर देणं सोडलंय. बसा म्हणतो शेजारी, चक्कर मारून येऊ. आणि मग दर वेळी जवळपास एकसारखंच घडतं. सिग्नल सुटतो, गाडी काहीही आवाज न करता पुढे जाते, शेजारच्या दोन-चार गाड्या मागे पडतात, पण बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीच नाही, कारण काही घडलंय हे त्याला कळलेलंच नसतं. इंजिन ओरडलं नाही म्हणजे गाडी पळाली नाही. मग मोठ्या रस्त्याला लागताना मी पॅडल खालपर्यंत दाबतो, इंजिन एकदम वरच्या पट्टीत जातं आणि तिथेच टिकून राहतं, आणि शेजारी म्हणतो, अरे रडतेय की ही! तेव्हा वेगाचा काटा मात्र व्यवस्थित वर चाललेला असतो.

म्हणजे जिथे गाडी खरंच चपळ होती तिथे त्याला ती मंद वाटली, आणि जिथे ती ठीकठाक पळत होती तिथे तिचा जीव जातोय असं वाटलं. दोन्हीकडे निकाल कानाने दिला. आपण म्हणतो वेग डोळ्यांना दिसतो, पाठीला सीट लागते तेव्हा कळतो, पण मला दिवसेंदिवस असं वाटायला लागलंय की पिकअप नावाची गोष्ट आपण मुख्यतः ऐकतो, आणि हायब्रिडचं दुखणं एवढंच आहे की तिच्यात आवाज आणि वेग यांची जुनी जोडी तुटलीय.

आता ही चपळाई येते कुठून ते बघू, कारण त्यात जरा गंमत आहे. पेट्रोल इंजिन उभ्या गाडीला हलवण्याच्या कामात मुळातच कच्चं असतं. ते शून्य फेऱ्यांवर काहीच देऊ शकत नाही, त्याला आधी फिरत राहावं लागतं, मग हवा आत यायची, मग टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढायचा, टर्बो (एक्झॉस्टच्या धुरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असेल तर तो फिरायला लागेपर्यंत अजून थांबा. इलेक्ट्रिक मोटरचं बरोबर उलटं. तिचा सगळ्यात जास्त टॉर्क अगदी पहिल्या फेरीपासून हजर असतो, आणि पॅडल हललं की तो मिळायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणजे आपल्याला वाट बघितल्याचं जाणवायच्या आतच. पुढे एका ठराविक फेऱ्यांनंतर मोटरचा टॉर्क उतरायला लागतो, कारण तिची पॉवर ठरलेली आणि फेऱ्या वाढतायत, मग दुसरं काय होणार. पण तोपर्यंत गाडी निघालेली असते.

आणि इथे एक हिशोब आहे जो मला फार आवडतो. शाळेतलाच आहे, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. दीड हजार किलोची गाडी धरा. ती उभ्या जागेवरून ताशी ३० किलोमीटरला न्यायची तर साधारण ५२ किलोज्यूल ऊर्जा लागते. तीच गाडी ९० वरून १२० ला न्यायची, म्हणजे वाढ तेवढीच, तीसचीच, पण ऊर्जा लागते साधारण ३६५ किलोज्यूल. बरोबर सातपट! वर्गाचा प्रताप. आता समजा तुमच्याकडे फक्त २५ किलोवॅट देणारी छोटीशी बॅटरी आहे, तिच्या जोरावर पहिलं काम दोन सेकंदांच्या आसपास होतं, आणि दुसऱ्याला जवळपास पंधरा सेकंद लागतात, तेही हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण अजिबात न धरता. प्रत्यक्षात १२० च्या वेगाला नुसतं टिकून राहायलाच अशा गाडीला पंधरा-वीस किलोवॅट खर्च होतात, म्हणजे त्या बिचाऱ्या बॅटरीकडे वेग वाढवायला उरलं काय.

हायब्रिडच्या परफॉर्मन्सबद्दल जेवढे वाद ऐकलेत त्यातले निम्मे या एका हिशोबात मिटतात. शहरात चालवणारा म्हणतो काय मस्त उचलते, हायवेला चालवणारा म्हणतो दम नाही, आणि दोघंही एकाच गाडीबद्दल बोलत असतात, दोघंही खरं बोलत असतात. कमी वेगात थोडीशी वीज प्रचंड वाटते, जास्त वेगात तीच वीज कुठे गेली ते कळत नाही.

दुसरा वाद असतो आकड्यांच्या बेरजेचा. इंजिन इतकं, मोटर इतकी, मग एकूण पॉवर दोघांची बेरीज का नाही? कंपनी फसवते का? फसवत नाही. टोयोटा प्रियसची दुसरी पिढी घ्या, २००३ ची, या बाबतीत ती सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. इंजिन ५७ किलोवॅटचं, मोटर ५० किलोवॅटची, बेरीज होते १०७, पण कागदावर एकूण पॉवर लिहिली होती ८२ किलोवॅट. मधले २५ गेले कुठे? गेले नाहीत, ते कधी नव्हतेच. मोटर ५० ची असली तरी तिला वीज पुरवणारी बॅटरी पंचवीसच्या आसपासच देऊ शकत होती. उरलेली वीज मोटरला मिळायची ती इंजिनानेच जनरेटर फिरवून बनवलेली, आणि ती इंजिनाच्या ५७ मध्ये एकदा मोजून झालेली आहे, परत कशी मोजणार? म्हणून ५७ अधिक २५ म्हणजे ८२. हायब्रिडची जोरकस ताकद बघायची तर मोटरचा आकडा बघून उपयोग नाही, बॅटरी एका क्षणात किती देऊ शकते ते बघायचं, आणि हा आकडा जाहिरातीत कधीच मोठ्या अक्षरात नसतो.

त्याच प्रियसच्या मोटरचा टॉर्क होता ४०० न्यूटन मीटर, आणि इंजिनाचा फक्त ११५. म्हणजे नाव पेट्रोल गाडीचं पण पहिल्या धक्क्याचं जवळजवळ सगळं काम मोटरच करायची. आणि इंजिन मुद्दाम तसं ठेवलेलं असतं बरं का. अ‍ॅटकिन्सन सायकल म्हणतात ती, यात हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, थोडी हवा परत बाहेर ढकलली जाते, त्यामुळे इंधनातून जास्त काम निघतं पण खालच्या फेऱ्यांवर टॉर्क पडतो. नुसतं असं इंजिन घालून गाडी विकली असती तर लोकांनी शिव्या घातल्या असत्या. मोटर तो खालचा खड्डा भरून काढते म्हणून इंजिनाला कंजूष राहायची मुभा मिळते. मला हे डिझाइन फार शहाणपणाचं वाटतं, दोघांपैकी एकही एकटा पुरेसा नाही आणि दोघांनाही ते माहीत असल्यासारखं वागतात.

आता त्या रडण्याकडे येतो, कारण खरा राग लोकांना त्याचाच येतो.

टोयोटाच्या हायब्रिडमध्ये नेहमीच्या अर्थाने गिअरबॉक्सच नसतो. बेल्टवाला सीव्हीटीही (पायऱ्या न पाडता गिअरचं प्रमाण सलग बदलणारा गिअरबॉक्स) नसतो, नाव ई-सीव्हीटी असलं तरी. आत असतो एक प्लॅनेटरी गिअर, म्हणजे मधोमध एक दातेरी चाक, त्याच्याभोवती फिरणारी लहान चाकं, आणि सगळ्यांना वेढणारं एक मोठं कडं ज्याचे दाते आतल्या बाजूला. इंजिन जोडलेलं असतं त्या लहान चाकांच्या चौकटीला, एक मोटर-जनरेटर मधल्या चाकाला, आणि बाहेरच्या कड्याकडून ताकद जाते रस्त्यावरच्या चाकांकडे, दुसरी मोठी मोटरही त्याच बाजूला. सुरुवातीच्या प्रियसमध्ये मधल्या चाकाला ३० दाते होते आणि कड्याला ७८, त्या प्रमाणात इंजिनाचा ७२ टक्के टॉर्क थेट चाकांकडे जायचा आणि २८ टक्के जनरेटरकडे. क्लच नाही, गिअर बदलणं नाही. जनरेटरचा वेग कमी-जास्त केला की इंजिन हव्या त्या फेऱ्यांवर ठेवता येतं, गाडीचा वेग काही का असेना.

ही शेवटची ओळच सगळ्या तक्रारींचं मूळ आहे. तुम्ही पॅडल पूर्ण दाबलंत की कंप्युटर म्हणतो, साहेबांना सगळी पॉवर हवीय, मग इंजिनाला थेट जास्तीत जास्त पॉवर जिथे मिळते त्या फेऱ्यांवर नेऊन बसवतो, आणि गाडी सावकाश मागून त्या आवाजाला गाठत राहते. याला लोक रबरबँड इफेक्ट म्हणतात. गिअरच्या गाडीत आवाज चढतो, गिअर पडतो, आवाज उतरतो, परत चढतो, आणि प्रत्येक चढाबरोबर वेग वाढतो. आमच्या पिढीने वेग असा शिकलाय, सुरांच्या चढ-उतारातून. इथे एकच सूर लागून राहतो आणि तो सूर ऐकून मन म्हणतं की काहीतरी घसरतंय, क्लच गेलाय, गाडी जागेवर आहे.

पण जरा थंड डोक्याने विचार केला तर इंजिनाकडून सगळ्यात जास्त काम करून घ्यायची हीच पद्धत बरोबर आहे ना? जिथे पॉवर जास्तीत जास्त आहे तिथे त्याला धरून ठेवा, सोडूच नका. गिअरच्या गाडीत प्रत्येक गिअर बदलल्यावर इंजिन त्या शिखरावरून खाली येतं आणि परत चढतं, मधला वेळ वाया. १९९३ साली विल्यम्स टीमने त्यांच्या फॉर्म्युला वन गाडीत, एफडब्ल्यू १५ सी मध्ये, सीव्हीटी घालून चाचणी घेतली होती. डेव्हिड कुल्टहार्डने ती चालवली होती. इंजिन एकाच सुरात ओरडत राहणारी रेसची गाडी. रेसमध्ये ती कधी उतरलीच नाही, १९९४ च्या नियमांत असा गिअरबॉक्स बंदच करून टाकला. जो आवाज ऐकून शेजारचा माणूस नाक मुरडतो त्याच तत्त्वाला जगातल्या सगळ्यात वेगवान खेळाने दारात अडवलं होतं, ही गोष्ट मी शेजारच्याला सांगतो, त्याला पटत नाही, पण सांगतो.

अर्थात फॉर्म्युला वनचं इंजिन ओरडलं तर संगीत आणि आपलं चार सिलिंडरचं अ‍ॅटकिन्सन ओरडलं तर रडणं, हेही खरंच आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

शून्य ते शंभर या आकड्याबद्दलही माझं थोडं वाकडंच आहे. तो आकडा खोटा नसतो, पण तो रोजच्या जगण्याशी फार कमी संबंध ठेवतो. पहिली प्रियस १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानात आली तेव्हा तिला शंभर गाठायला बारा-चौदा सेकंद लागायचे, आणि हायब्रिड म्हणजे मंद हा शिक्का तेव्हाच बसला तो बसलाच. पाचवी पिढी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दाखवली, तिच्या प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणाऱ्या प्रकाराला २२३ पीएस (जवळपास तेवढेच घोडे) आहेत आणि टोयोटाच्या आकड्यानुसार ती ६.७ सेकंदांत शंभर गाठते. पंचवीस वर्षांत वेळ निम्म्यावर. शिक्का मात्र तिथेच.

पण मला विचाराल तर या ६.७ पेक्षाही रोज उपयोगी पडणारी गोष्ट कुठल्याच मोठ्या तक्त्यात येत नाही, ती म्हणजे सहज चालत असताना अचानक थोडं जास्त लागलं तर ते किती लवकर मिळतं. चाळीसने चाललोय, शेजारच्या लेनमध्ये जागा दिसली, घुसायचंय. गिअरची ऑटोमॅटिक आधी विचार करते, दोन गिअर खाली जाऊ का एक, मग ठरवते, मग टर्बो जागा होतो. हायब्रिडमध्ये मोटर तोपर्यंत काम उरकून मोकळी. अमेरिकेतली काही मासिकं उभ्या जागेवरून घेतलेल्या वेळेबरोबर ताशी ५ ते ६० मैल असा चालत्या गाडीचाही वेळ छापतात, आणि मी कुठलाही रिव्ह्यू वाचताना आधी तो शोधतो, कारण उभ्या गाडीचे आकडे काढताना लाँच कंट्रोल (उभी गाडी जोरात सोडायची खास सोय), तापलेले टायर, ब्रेक दाबून धरलेलं इंजिन असे सगळे लाड केलेले असतात. वर तिकडे पहिल्या एका फुटाचा वेळ धरतच नाहीत, घड्याळ गाडी फूटभर सरकल्यावर सुरू होतं, त्यात दोन-तीन दशांश सेकंद तसेच वाचतात. जी गाडी उभी असताना सगळ्यात चपळ आहे तिचा पहिला फूटच मोजायचा नाही, हे मला जरा अन्यायाचं वाटतं, पण नियम सगळ्यांना सारखाच आहे म्हणा.

आता हायब्रिडची बाजू घेता घेता तिची दुखरी जागा लपवणं बरोबर नाही. ती जागा म्हणजे लांब चढ.

घाटात सुरुवातीची काही वळणं गाडी मस्त खेचते, मोटर आणि इंजिन दोघं मिळून, आणि मग डॅशबोर्डवरचा बॅटरीचा पट्टा खाली यायला लागतो. साधी हायब्रिड असेल तर तिची बॅटरी एक-दीड युनिटची असते आणि तीही पूर्ण वापरत नाहीत, आयुष्य टिकावं म्हणून मधला थोडाच भाग वापरायचा. अर्धं युनिट वापरायला मिळतं असं धरा आणि २५ किलोवॅटने ते उपसा, सव्वा मिनिटात संपलं. पुढे घाट उरलाय आणि तुमच्या हातात फक्त इंजिन, तेही कंजूष ठेवलेलं. दीड हजार किलोची गाडी सहा टक्के चढावर ताशी ८० ने न्यायची तर नुसतं वर उचलायलाच जवळपास २० किलोवॅट जातात, हवा-टायर वेगळे. मग इंजिन वरच्या सुरात जातं आणि तिथून हलत नाही, आणि या वेळी कान खोटं बोलत नाहीत, खरंच दुसरं काही शिल्लक नसतं. गाडी भरलेली असेल तर ओव्हरटेक करायच्या आधी मी त्या पट्ट्याकडे एकदा बघतो. समोरचा ट्रक दिसतोय, जागा दिसतेय, पण पट्टा तळाला असेल तर थांबतो, पुढच्या सपाट तुकड्यात दोन-चार काड्या भरू देतो, मग निघतो. कारण त्याच गाडीला त्याच जागी दोन वेगवेगळ्या वेळी दोन वेगवेगळे पिकअप असू शकतात, ही गोष्ट पेट्रोल किंवा डिझेल गाडीवाल्याला कधी शिकावीच लागत नाही.

कडाक्याच्या थंडीत आणि भयंकर उन्हातही तेच, बॅटरी आपला हात आखडता घेते, स्वतःला जपते. प्लग-इन गाड्यांत बॅटरी दहापट मोठी असल्यामुळे हा प्रकार उशिरा येतो, पण तिथे वजन वाढतं आणि चार्ज संपल्यावर तेच वजन उगाच वाहावं लागतं.

वजनावरून आठवलं, बीएमडब्ल्यू एम ५. २०२४ ला आलेली नवी एम ५ प्लग-इन हायब्रिड आहे, ७२७ पीएस, वजन २४३५ किलो. तिच्या आधीची एम ५ कॉम्पिटिशन नुसती पेट्रोलवर ६२५ पीएसची होती आणि पाचशे किलोहून जास्त हलकी होती. शून्य ते शंभर? नवी ३.५ सेकंद, जुनी ३.३. शंभर घोडे जास्त आणि तरी केसभर हळू! यावर जगभर भरपूर चेष्टा झाली. दुसऱ्या बाजूला पोर्श ९११ जीटीएस, तीही २०२४ चीच. तिच्यात बॅटरी जेमतेम १.९ युनिटची, एक मोटर गिअरबॉक्समध्ये आणि एक चक्क टर्बोच्या आत, जेणेकरून एक्झॉस्टची वाट न बघता टर्बो फिरायला लागावा. वजन वाढलं साधारण पन्नास किलो, आणि जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या रेस ट्रॅकवर आधीच्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंदांनी लवकर आली. दोन्ही हायब्रिड, दोन्ही जर्मन, आणि त्यांच्या विचारांत जमीन-अस्मानाचा फरक. एकीला प्लग लावून बरंच अंतर विजेवर जायचंय, दुसरीला फक्त इंजिन झोपलेलं असतं तेवढी फट बुजवायचीय. मला दुसरी जास्त पटते, घेता येणार नाही हा भाग वेगळा.

विजेची अशी जोड रेसमध्येही आली. फॉर्म्युला वनमध्ये २००९ ला पहिल्यांदा केईआरएस आलं, ब्रेक मारताना साठवलेली ऊर्जा बटण दाबून परत वापरायची, ६० किलोवॅट आणि एका लॅपला ४०० किलोज्यूल, म्हणजे जेमतेम साडेसहा-पावणेसात सेकंदांची मजा. त्या वर्षी हंगेरीत लुईस हॅमिल्टन केईआरएसवाल्या मॅक्लारेनमधून जिंकला, पण वर्षाचं विजेतेपद ब्रॉन टीमने नेलं आणि त्यांच्या गाडीत केईआरएस नव्हतंच. वजनाचा जो हिशोब एम ५ ला नडला तोच तेव्हाही होता. पुढे २०१४ ला मोटरची ताकद १२० किलोवॅट झाली आणि २०२६ च्या नियमांत ३५०, म्हणजे जवळपास निम्मी ताकद विजेची.

आणि २०१३ साली तर मॅक्लारेन पी १, पोर्श ९१८ आणि लाफेरारी अशा तिघी हायब्रिड एकदम आल्या. ९१८ ने नुर्बुर्गरिंग ६ मिनिटं ५७ सेकंदांत मारलं, म्हणजे सात मिनिटांच्या आत. पी १ ची मोटर टर्बोचा उशीर तर भरून काढायचीच, वर गिअर वर टाकताना उलटा जोर लावून इंजिनाच्या फेऱ्या पटकन खाली आणायची. त्या वर्षानंतरही हायब्रिडला मंद म्हणणारे लोक आहेत याचं मला आश्चर्य वाटत नाही, कारण त्या तिघींनाही आवाज होता. मोठ्ठा आवाज होता. कान समाधानी होते.

आपल्या साध्या गाडीत मात्र मजा वेगळ्या ठिकाणी शोधावी लागते, आणि ती मला ब्रेकमध्ये सापडली. पुढे सिग्नल लाल दिसतोय, लांबूनच हलका ब्रेक धरायचा, इतका हलका की खरे ब्रेक पॅड लागूच नयेत, मोटरच जनरेटर होऊन गाडी थांबवते आणि पट्ट्यात काड्या चढतात. पन्नासने चाललेल्या दीड टनाच्या गाडीत साधारण १४५ किलोज्यूल असतात, ते सगळे परत मिळत नाहीत, येता-जाता दोन्हीकडे गळती आहे, पण बराच भाग मिळतो. आणि सिग्नल सुटला की तीच ऊर्जा मागच्या दोघांना मागे टाकायला वापरायची. म्हणजे पुढचा पिकअप मागच्या ब्रेकमध्ये तयार होतो. ही सवय लागली की तुम्ही रस्ता जरा लांबवर वाचायला लागता, कुठे थांबावं लागणार, कुठे उतार आहे, चढाच्या आधी पट्टा भरलेला असेल का, आणि जोरात पळवणारा माणूस आणि जपून चालवणारा माणूस हे दोघं एकाच सीटवर नांदायला लागतात. माझ्या आधीच्या गाड्यांनी हे मला कधी शिकवलं नव्हतं, त्यांत जोर टाकीतून यायचा आणि ब्रेक मारला की तो डिस्कवर तापून हवेत जायचा, विषय संपला.

पॉवर मोडबद्दल पण दोन शब्द, कारण त्यावर फार श्रद्धा ठेवली जाते. बहुतेक साध्या हायब्रिडमध्ये पॉवर मोड लावल्याने एकही घोडा वाढत नाही. पॅडल थोडं दाबलं तरी जास्त मागणी समजायची एवढाच बदल असतो, आणि इको मोडमध्ये याच्या उलट. पॅडल पूर्ण खाली गेलं की दोन्ही मोड एकाच ठिकाणी पोचतात. तरीही मी कधीकधी पॉवर मोड लावतो, का विचारू नका, बरं वाटतं.

कंपन्यांनाही कळून चुकलंय की भांडण कानाशी आहे. होंडाच्या ई-एचईव्ही नावाच्या हायब्रिड गाड्यांत कमी आणि मध्यम वेगाला इंजिन फक्त वीज बनवतं आणि चाकं मोटर फिरवते, हायवेच्या स्थिर वेगाला एक क्लच लागतो आणि इंजिन थेट जोडलं जातं. गिअर नाहीतच. तरी जोरात पळवताना इंजिनाच्या फेऱ्या मुद्दाम वर-खाली करतात, जणू गिअर पडतायत, कारण एकसुरी आवाज लोकांना सहन होत नाही. आणि २०२५ च्या प्रिल्यूड नावाच्या गाडीत तर त्यांनी एस प्लस शिफ्ट नावाचं बटणच दिलंय. ते दाबलं की नसलेले आठ गिअर हजर होतात, स्टिअरिंगमागच्या पॅडलने वर-खाली करता येतात, खाली टाकताना इंजिन झटका देऊन फेऱ्या जुळवल्याचं दाखवतं, स्पीकरमधून आवाजालाही थोडी मदत मिळते.

तांत्रिकदृष्ट्या यात काहीच राम नाही. जो गिअरबॉक्स काढून टाकायला इंजिनियर लोकांनी एवढी डोकी चालवली त्याचं सोंग परत आणायचं, शिखरावर बसलेलं इंजिन मुद्दाम खाली उतरवायचं आणि परत चढवायचं, आणि तेही एवढ्याचसाठी की शेजारी बसलेल्याने म्हणू नये अरे रडतेय की ही. वर मी एवढं सगळं लिहिलंय कानावर विसंबू नका म्हणून, तेव्हा माझी भूमिका स्पष्टच आहे, हे बटण मला नको. फक्त गाडी समोर उभी राहिली, रस्ता मोकळा मिळाला, आणि शेजारी कोणी नसलं, तर ते दाबणारच नाही असं मात्र छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.